लंडन दोन दिवसांत

आमच्या नरडाण्यास पाहण्यासारखें कांहीं नाहीं, हें येथें जन्मलेला माणूसहि आपण होऊन कबूल करतो. सुरत-भुसावळ मार्गावरचें एक स्टेशन, मुंबई-आग्रा रस्त्यावरची अखंड रहदारी, अलीकडे उभी राहिलेली औद्योगिक वसाहत आणि सभोंवतीं कपाशीचीं शेतें, एवढाच आमचा पसारा. परंतु गेल्या कांहीं वर्षांत ह्याच पसाऱ्यांतून उठून विलायतेस जाऊन येणारीं कुटुंबें गांवांत व पंचक्रोशींत दिसूं लागलीं आहेत. पंधरा दिवसांत युरोप आणि त्यांतले पहिले दोन दिवस लंडन, असा ह्या सहलींचा सांचा ठरून गेल्यासारखा आहे. शुक्रवारीं रात्रीं उतरावें, शनिवार-रविवार शहर पाहावें, सोमवारीं पहांटे पॅरिसची वाट धरावी.

अशा एका सहलीहून परतलेल्या स्नेह्यांच्या घरीं गेल्या उन्हाळ्यांत आम्ही दहा-बारा मंडळी जमलों होतों. चहा झाला आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर चित्रें सुरू झालीं. टॉवर ब्रिज व आमचे स्नेही. बकिंगहॅम राजवाड्याचें फाटक व आमचे स्नेही. पार्लमेंटचें मोठें घड्याळ, आमचे स्नेही व त्यांच्या सौभाग्यवती. मेणाचा राजा, मेणाची राणी आणि त्या दोघांच्या मध्यें, किंचित् अवघडून, पुन्हा आमचे स्नेही. दीड तासानें चित्रें संपलीं. यजमानांचे वृद्ध चुलते कोपऱ्यांत बसले होते. सारा जन्म शेतांत गेलेला, बोली अहिराणी. ते म्हणाले, ‘पन भाऊ, तठे देखं काय?’ सगळे हंसले. म्हाताऱ्यांना पडदा नीट दिसला नसावा अशा समजुतीनें पहिलीं दहा-वीस चित्रें त्यांच्यासाठीं पुन्हा लावण्यांत आलीं.

मला त्या हंसण्यांत सामील होतां आलें नाहीं, कारण तो प्रश्न मलाहि लागू होता. चार वर्षांपूर्वीं मीहि ह्याच सांच्यांतून निघून आलों आहें. मी इंग्रजीचा प्राध्यापक. तीस वर्षें मीं खानदेशांतल्या मुलांना वर्डस्वर्थचें वेस्टमिन्स्टर पुलावरचें सुनीत शिकविलें. १८०२ च्या सप्टेंबरांत त्या कवीला पहांटेच्या वेळीं तेथून काय दिसलें, हें झोंपेंतहि सांगूं शकेन. त्या पुलावर मी दहा मिनिटें उभा होतों. पांच मिनिटें कविता आठविण्यांत गेलीं, पांच मिनिटें फोटो काढून देणारा भला माणूस शोधण्यांत गेलीं. त्याच दिवशीं मेणाच्या पुतळ्यांसाठीं मीं दोन तास रांगेंत काढले. त्या पुलापासून हाकेच्या अंतरावर, त्या सुनीताच्या पहांटेनंतर सतरा वर्षांनीं, माझ्या गांवाहून फार तर तासाभराच्या वाटेवर असलेल्या एका किल्ल्याविषयीं वाद झाला होता, हें मला ठाऊक नव्हतें. तें मला कळलें परत आल्यावर, नरडाण्यास, माझ्या घराच्या ओसरीवर.

तो किल्ला थाळनेरचा. फिरोजशहा तुघलकानें १३७० मध्यें मलिक राजास थाळनेर दिलें आणि तापीच्या कांठीं खानदेशच्या फारुकी घराण्याची पहिली राजधानी झाली. पुढें अशीरगड हातीं आला, बऱ्हाणपूर वसलें, वैभव तिकडे गेलें. मलिक राजा मात्र थाळनेरासच पुरला आहे. एका अंगाला नदी आणि बाकीच्या अंगांना खोलगट नाळ अशी ह्या किल्ल्याची जागा. आंत जाण्याची वाट एकच आणि तिच्यावर एकामागून एक पांच दरवाजे. हे पांच दरवाजे वाचकांनीं ध्यानांत ठेवावे, कारण पुढची सारी हकीकत त्यांच्यामध्येंच घडली.

१८१७ च्या डिसेंबरांत महिदपुरास होळकरांचा पराभव झाला. जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहानें सातपुड्याच्या दक्षिणेकडचा त्यांचा मुलूख इंग्रजांकडे गेला व त्या मुलखांत थाळनेर होतें. सर टॉमस हिस्लॉपचें सैन्य दक्षिणेकडे परततांना २७ फेब्रुवारी १८१८ रोजीं किल्ल्यापुढें आलें. किल्लेदार तुळशीराम मामा. शिबंदी बहुतेक अरबांची, सुमारें तीनशें माणसांची. किल्ला खालीं न केल्यास बंडखोर समजण्यांत येईल असा हिस्लॉपचा निरोप गेला. उत्तर गोळ्यांनीं आलें. मग तोफा लागल्या, आणि दिवस कलतां कलतां इंग्रज बाहेरच्या दरवाज्यांशीं पोंचले. किल्लेदार स्वतः बाहेर येऊन स्वाधीन झाला. आंतल्या दरवाज्याशीं अरब आणि इंग्रज अधिकारी समोरासमोर आले, तेव्हां एकाचें मागणें काय आणि दुसऱ्याची कबुली काय, हें भाषेच्या अडचणीमुळें उमगलें नाहीं असें कोणी म्हणतात. दगा झाला असें कोणी म्हणतात. हातघाई झाली. मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅक्‌ग्रेगर हे पडले. त्यानंतर आंत शिरलेल्या फौजेनें शिबंदी कापून काढली. वांचले ते फारच थोडे. आणि जो ह्या हातघाईपूर्वींच स्वाधीन झाला होता, त्या किल्लेदारास त्याच दिवशीं फांशीं देण्यांत आलें.

पुढच्या वर्षीं, मार्च १८१९ मध्यें, गव्हर्नर-जनरल मार्क्विस हेस्टिंग्ज व त्याचीं सैन्यें ह्यांचे आभार मानण्याचा ठराव पार्लमेंटपुढें आला. कॉमन्सच्या सभेंत तो जॉर्ज कॅनिंगनें मांडला. विजयाचे दिवस, मराठ्यांचें राज्य बुडालेलें, आभारांच्या ठरावास विरोध करण्याचें कोणास कारण नव्हतें. तरीहि थाळनेरचा किल्लेदार त्या सभेच्या घशाखालीं सरळ उतरेना. स्वाधीन झालेल्या माणसास चौकशीवांचून मारणें युद्धाच्या कोणत्या नियमांत बसतें, हा प्रश्न निघाला, आणि आभारांच्या ठरावांतून थाळनेरची तेवढी कृति वेगळी काढून ठेवण्यांत आली.

ह्या गोष्टीचा अर्थ कोणी फार फुगवूं नये. कोणास शिक्षा झाली नाहीं. मेलेले उठले नाहींत, मुलूख परत मिळाला नाहीं. त्याच मोहिमेंत मिळालेल्या लुटीची वांटणी कोणत्या सैन्यास किती, ह्यावरून लंडनमध्यें पुढें कित्येक वर्षें तंटा चालला, त्यासाठीं नेमलेल्या विश्वस्तांत खुद्द ड्यूक ऑफ वेलिंग्टन होता, आणि त्या पैशापायीं जेवढी शाई खर्च झाली तेवढी तुळशीराम मामाच्या गळ्यापायीं झाली नाहीं. इंग्रजांची न्यायबुद्धि दाखविण्यासाठीं मी ही हकीकत सांगत नाहीं, आणि त्यांचें क्रौर्य दाखविण्यासाठींहि नाहीं. माझें म्हणणें एवढेंच, कीं हा आमचा व्यवहार होता. त्याचा पूर्वार्ध तापीच्या कांठीं घडला आणि उत्तरार्ध थेम्सच्या. उत्तरार्धाच्या जागीं जाऊन आम्ही घड्याळाकडे पाठ करून हंसत उभे राहतों.

ज्या सेंट स्टीफन्स चॅपेलमध्यें कॉमन्सची ती बैठक झाली, तें १८३४ च्या आगींत जळालें. आज लोक ज्याचें चित्र घेतात तें घड्याळ त्या आगीनंतर बांधलेल्या इमारतीचें आहे. म्हणजे नेमकें ज्याला थाळनेर ठाऊक नाहीं तेवढेंच आम्हीं पाहिलें. आगींतून वांचला तो शेजारचा वेस्टमिन्स्टर हॉल. त्याचें प्रचंड लांकडी छत दुसऱ्या रिचर्ड राजानें उभारविलें. तो राजा १३९९ मध्यें पदच्युत झाला आणि त्याच वर्षीं इकडे मलिक राजा वारला. हा केवळ योगायोग आहे, त्यांतून सिद्ध कांहींच होत नाहीं. पण सहा शतकांपूर्वींचें तें लांकूड पाहतांना आपल्या तालुक्याजवळचीं घुमटें आठवलीं असतीं, तर निदान वयाचा कांहीं अंदाज आला असता. बहुतेक शनिवारीं ती इमारत लोकांस आंतून पाहतां येते. आमचा शनिवार मेणांत गेला.

हें वाचून कित्येक वाचक मान डोलावतील आणि म्हणतील, मग लंडनास जावेंच कशाला? आधीं आपलें थाळनेर पाहावें. हा उपदेश मीं सभासंमेलनांतून पुष्कळ ऐकला आहे, आणि तो करणाऱ्यांपैकीं स्वतः थाळनेरास गेलेले फारच थोडे भेटले आहेत. मला तो मान्य नाहीं. सहलीच्या डोळ्यांनीं पाहिलें तर थाळनेरास अर्ध्या तासाचेंहि काम नाहीं. कांहीं घुमट्या, त्यांतली एक अष्टकोनी व सुरेख कोरलेली, नदीनें कडेकडेनें खाल्लेला किल्ला, खालीं तापी. चित्रें काढावींत, बरोबर आणलेले डबे उघडावे, ऊन चढण्यापूर्वीं परतावें. जो माणूस वेस्टमिन्स्टरास कांहीं न पाहतां येतो तो थाळनेरासहि कांहीं न पाहतां येईल. फरक पडेल तो भाड्याचा. पुष्कळांना थाळनेर ठाऊक आहे तें लता मंगेशकरांचें आजोळ म्हणून, आणि त्यांत वावगें कांहीं नाहीं. ह्या आजोळच्या नातीनें १९७४ मध्यें लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्यें गाऊन थाळनेर आणि लंडन ह्यांच्यामध्यें निदान एक संबंध सुखाचा जोडून ठेवला आहे.

दुसरा आक्षेप विद्वानांचा. दोन दिवसांत लंडन काय पाहणार, तेथें वर्ष काढावें, असें ते म्हणतात. हेंहि मला खरें वाटत नाहीं. वर्षानुवर्षें तेथें राहून कांहीं न पाहिलेलीं माणसें मला माहीत आहेत, आणि दोन दिवस हा कांहीं लहान अवधि नव्हे. लंडन खऱ्या अर्थानें ओळखणारा एक जुना मराठी माणूस म्हणजे साताऱ्याचे रंगो बापूजी. प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडण्यासाठीं ते १८४० च्या सुमारास तेथें पोंचले आणि १८५३ च्या अखेरीस निघाले. लेडनहॉल रस्त्यावरच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीचे उंबरठे त्यांनीं झिजविले. हातीं कांहीं लागलें नाहीं. परंतु त्यांना त्या शहरांत काम होतें, विचारावयाचा एक प्रश्न होता, आणि प्रश्न असलेल्या माणसास शहर दिसतें. कंपनीची ती कचेरी कधींच पाडली गेली. तिच्या जागीं आज लॉइड्स ह्या विम्याच्या संस्थेची लोखंडी नळ्यांनीं वेढलेली इमारत उभी आहे. तेथें आमची बस थांबली नाहीं. थांबावी असें कोणाच्या मनांतहि आलें नाहीं.

प्रश्न घेऊन गेलेल्या खानदेशी माणसास दोन दिवसांत काय दिसेल, हें मीं नंतर घरीं बसून मांडून पाहिलें. नरडाण्याहून पूर्वेकडे जाणारी गाडी बेटावद, अमळनेर करीत धरणगांवास लागते. ह्या धरणगांवीं १८२५ मध्यें जेम्स आउट्रम नांवाच्या तरुण अधिकाऱ्यानें भिल्लांची पलटण उभारण्यास आरंभ केला. ज्यांच्या मागें आजवर बंदुका लावल्या त्यांच्याच हातीं आतां बंदुका देऊन त्यांना पगार सुरू करावयाचा, असा तो बेत. दहा वर्षें तो खानदेशांत होता. त्यांच्याबरोबर वाघ मारी, त्यांच्यांत राही. त्यानें भिल्लांचें भलें केलें कीं त्यांचें रान कायमचें सरकारच्या हातीं दिलें, ह्याबद्दल दोन मतें होतील आणि व्हावींत. हा आउट्रम १८६३ मध्यें वारला आणि वेस्टमिन्स्टर ॲबेच्या मध्यभागीं, फरशीखालीं, पुरला गेला. त्याचा ब्राँझचा पुतळा थेम्सच्या कांठच्या बागेंत आहे. नदींतून ज्या होड्या आम्हां प्रवाशांस फिरवितात त्या ह्या बागेवरूनच जातात. आम्हीं त्या वेळीं पलीकडच्या कांठचा मोठा पाळणा पाहत होतों. ज्याच्या स्वाधीन दुसरा बाजीराव १८१८ च्या जूनमध्यें झाला, त्या जॉन माल्कमचा पुतळा त्याच ॲबेंत आहे. ज्यानें पेशव्यांच्या मुलखाची नवी व्यवस्था लाविली, त्या एल्फिन्स्टनचा पुतळा सेंट पॉलमध्यें आहे. एका जिल्ह्याच्या माणसाला इतके ओळखीचे चेहरे एका परक्या शहरांत क्वचितच भेटत असतील, आणि आम्ही तेथें जाऊन ओळख काढतों ती मेणाच्या माणसांशीं!

आमच्या कार्यक्रमपत्रिकेंत ॲबे होतें, नाहीं असें नाहीं. तें रविवारीं होतें. रविवारीं ॲबे उपासनेसाठींच उघडें असतें, प्रेक्षकांस आंत घेत नाहींत. म्हणून पत्रिकेंत ‘बाहेरून’ असा शब्द घातला होता. हा शब्द ह्या सहलींच्या पत्रिकांतून फार वेळां येतो. तो प्रामाणिकपणानें घातलेला असतो व आम्ही तो वाचीत नाहीं.

आतां ह्यांत दोष कोणाचा? सहल काढणाऱ्यांचा म्हणावा, तर मला तसें म्हणवत नाहीं. चाळीस माणसें, त्यांचे पासपोर्ट, त्यांचीं औषधें, कोणास कांदा-लसूण वर्ज्य, कोणाचे गुडघे दुखतात, हें सारें सांभाळून त्यांना सुखरूप परत आणणें हें सोपें काम नव्हे. आम्हीं मागितलें तें त्यांनीं दिलें. आमच्या बरोबरच्या तरुण मार्गदर्शकास मीं शेवटच्या दिवशीं विचारलें, कीं तुम्हांस ह्या शहरांत काय आवडतें? तो गोंधळला. इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, असें म्हणाला. लोक विचारतात तें जेवण कोठें आणि खरेदीस वेळ किती.

माझा रोख आहे तो माझ्या स्वतःच्या वर्गावर. आम्ही इंग्रजी शिकलेले, शिकविणारे, मुलांना शिकवून विलायतेस धाडणारे. ज्या पोरांनीं डॅफोडिल डोळ्यांनीं पाहिलें नाहीं, त्यांच्याकडून आम्हीं डॅफोडिलवरच्या कवितेचा भावार्थ घोटून घेतला. लंडनचें धुकें, लंडनचा पूल, लंडनचे भिकारी, सारें आम्हांस पुस्तकांतून पाठ. तें साहित्य थोर आहे, आणि तें शिकविल्याचा मला पश्चात्ताप नाहीं. परंतु तीस वर्षांत एकदांहि मला असें सुचलें नाहीं, कीं वर्गांत शिरपूर-शिंदखेड्याचीं मुलें बसलीं आहेत, तेव्हां त्या पुलाजवळच्या सभागृहांत त्यांच्या गांवाचें नांव निघालें होतें काय, हें पाहावें. पाहणें कठीण नव्हतें. पार्लमेंटच्या वादविवादांचे जुने खंड आतां घरबसल्या मोबाइलवर वाचतां येतात. इंग्रज कारकुनानें थाळनेरचे हिज्जे ओळखूं न येण्याइतके बदलले आहेत, तेवढी अडचण. ती पार केली कीं पुढें सरळ इंग्रजी आहे, आणि इंग्रजी वाचण्याचाच मी आजवर पगार घेतला. जे आमच्याकडून शिकले तेच आज त्या पुलावर उभे राहून हंसत आहेत. त्यांना हंसण्याचा अधिकार मला कोठून असणार?

एक आक्षेप मात्र मला अजून परतवितां आलेला नाहीं, आणि तो आमच्या घरांतूनच आला. हा लेख मनांत घोळत असतां मीं त्यांतले कांहीं मुद्दे सौभाग्यवतींपुढें मांडले. त्या शांतपणें ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘तुमचा आउट्रम मला ठाऊक नाहीं. पण लग्नाला सव्वीस वर्षें झालीं, त्यांत लागोपाठ पंधरा दिवस मीं चूल पाहिली नाहीं ते तेवढेच. त्या पाळण्यांत वर गेल्यावर तुम्ही डोळे मिटून बसला होतां; मीं सगळें शहर पाहिलें.’ वर्षभर दुकानांत, शेतांत किंवा स्वयंपाकघरांत राबलेल्या माणसास विसावा हवा असतो, आणि विसाव्यावर इतिहासाचें ओझें लादणारा मी कोण, हा ह्या बोलण्याचा अर्थ. तो मला पुरता मान्य आहे. विसाव्यासाठीं गेलों असें कोणी म्हणेल तर माझी तक्रार नाहीं. परंतु घरीं परतल्यावर दीड तास पडद्यावर जें दाखविलें जातें त्याला कोणी विसावा म्हणत नाहीं. ‘आम्हीं लंडन पाहिलें’ असें म्हणतात. मुलांच्या शाळेंत तसें सांगतात, सोयरिकींत तसें सांगतात, आणि कांहीं दिवसांनीं त्यांना तें स्वतःलाहि खरें वाटूं लागतें. जमिनीचा तुकडा घेतां येईल इतका पैसा खर्चून मिळविलेली ही समजूत नंतर कोणास खोडून काढतां येत नाहीं. माझा कलह त्या समजुतीशीं आहे. सौभाग्यवतींनीं ‘मीं लंडन पाहिलें’ असें म्हटलें नव्हतें. ‘शहर पाहिलें’ असें म्हटलें होतें, वरून, शांतपणें, कोणाचा फोटो न काढतां. त्यांच्याशीं वाद घालण्यास मला तोंड नाहीं.

येत्या मे महिन्यांत आमच्या कॉलेजांतील एक तरुण सहकारी सहकुटुंब ह्याच पंधरा दिवसांच्या सहलीस निघाले आहेत. ते परवां घरीं आले व ‘सर, तुम्ही जाऊन आलां आहांत, कांहीं सूचना असतील तर सांगा,’ म्हणाले. मीं त्यांना एका कागदावर चार ओळी लिहून दिल्या: ॲबे शनिवारींच पाहावें आणि आंत मध्यभागीं फरशीवरचीं नांवें वाचावींत, वेस्टमिन्स्टर हॉलचें छत, थेम्सच्या कांठची बाग, आणि जाण्यापूर्वीं एका रविवारीं सकाळीं माझ्याबरोबर थाळनेर, मुलांसह. त्यांनीं कागद वाचला, नीट घडी करून खिशांत ठेवला, आणि मेणाच्या पुतळ्यांचीं तिकिटें येथूनच काढून ठेवावींत काय, असें विचारलें. मीं काढून ठेवा म्हणून सांगितलें. तेथें रांग फार मोठी असते.